गाद्यांना दिलेला शब्द

२०२५ साल होतं, मला त्र्याहत्तर पुरी झाली होती आणि शिमगा तोंडावर आला होता. सकाळी किनाऱ्यावरच्या खोपीत बसून मी फाटलेलं जाळं शिवत होतो, तेव्हा माझा पुतण्या महादेव आला. धावत आला नाही. चपला हातात घेऊन सावकाश आला आणि माझ्यासमोर वाळूत बसला. मी विचारलं, "फोन आला काय?" तो म्हणाला, "आला. बाई पहाटेच गेल्या." मी सुई खाली ठेवली नाही. जे भोक शिवायला घेतलं होतं ते पुरं केलं, गाठ मारली, दोरा दाताने तोडला. नंतर वाडीत लोक म्हणाले, तात्याला काही वाटलं नाही. वाटलं की नाही ते ज्याचं त्याच्यापाशी...

अनुराधाबाई आमच्या नात्याच्या नव्हत्या, जातीच्या नव्हत्या, कोकणच्याही नव्हत्या. मिरजेकडच्या. गाद्यांची भाषा शिकायला आमच्या किनाऱ्यावर आल्या आणि राहिल्या. गादा म्हणजे शिकलेले लोक ज्याला डॉल्फिन म्हणतात तो. बाईंवर पेपरात पुष्कळ आलं, फोटो आले, पण लिहिणारे सगळे दुपारी यायचे, सोलकढी प्यायचे आणि उन्हं उतरायच्या आत रत्नागिरीला परत जायचे. बाई माझ्या पडवीतल्या खोलीत सहा वर्षं राहिल्या. म्हणून मी लिहितो. मी चौथीपर्यंत शिकलो. पण इथे जे लिहितोय ते सगळं माझ्या डोळ्यांसमोर झालंय आणि त्यातलं शेवटचं तर मीच केलंय. तेव्हा माझ्याइतकं ते कुणाला ठाऊक असणार?

आल्या तेव्हा त्यांच्यासोबत दोन बॅगा, एक काळी पेटी आणि ज्वारीच्या पिठाचा डबा होता. माझ्या बायकोने, सुमनने, पहिल्या दिवशी पाहुणी म्हणून सुरमई तळली. बाई ताटाकडे बघून संकोचल्या. "वहिनी, मी मासे खात नाही." सुमन माझ्याकडे बघायला लागली, मी सुमनकडे. "अगो बाय," सुमन म्हणाली, "मग तू हय समुद्रावर करनार काय?" मी म्हटलं, "माशांशी बोलायला आलीय ती. खाल्ला तर बोलनार कोनाशी?" बाई हसल्या. "तात्या, गादा मासा नाही. तुमच्या-माझ्यासारखा श्वास घ्यायला वर येतो. पिलाला दूध पाजतो." "दूध देतो तर एक दारात बांधूया," मी म्हटलं, "म्हशीला पेंड लय लागते." त्यावर त्या इतक्या हसल्या की ठसका लागला. ती सुरमई शेवटी मी खाल्ली.

मी रापणीचा तांडेल, म्हणजे म्होरक्या. रापण म्हणजे काय ते बाहेरच्यांना सांगायला हवं. लांबच लांब जाळं होडीने समुद्रात अर्धगोल सोडायचं, त्याचे दोन्ही दोर किनाऱ्यावर आणायचे आणि दोन बाजूंनी माणसांनी ओढायचं. लहान, म्हातारे, बाया, सगळे. मासळी वाळूवर आली की वाटे पडतात. जाळ्याचा वाटा, होडीचा, देवाचा, ओढणाऱ्याचा. आणि एक रीत बापजाद्यांपासून आहे. दोराला ज्याचा हात लागला तो रिकामा जात नाही. पोस्टमन असो, वाटसरू असो, वेडा असो. त्याने ओढलं किती ते बघायचं नाही. बाईंनी दुसऱ्याच दिवशी दोराला हात घातला, तळव्यांची सालं निघाली. मी त्यांच्यापुढे बांगड्यांचा वाटा ठेवला. त्या म्हणाल्या, "मी खात नाही, माहिती आहे की तुम्हाला." मी म्हटलं, "खाऊ नका. पण वाटा नाकारायचा नाही. घ्यायचा आणि पाहिजे त्याला द्यायचा." पुढे सहा वर्षं त्यांनी वाटा घेतला आणि शेजारणीच्या टोपलीत टाकला. एकदाही नाही म्हटलं नाही. माणूस कळायला मला एवढं पुरतं.

त्या पेटीला दोन वायरी होत्या, एक पाण्यात ऐकायची, एक पाण्यात बोलायची. गादे शिट्ट्या घालतात, टकटक करतात. त्याला जवळचा असेल तो मराठी शब्द पेटी शोधायची आणि मोठ्याने बोलायची. आपण बोललं की तिच्यातून शिट्ट्या निघायच्या. पहिली दोन वर्षं बाई नुसत्या ऐकत होत्या. माझ्या होडीत बसून, डोक्याला पंचा गुंडाळून, उलट्या करत करत. त्यांना समुद्र कधीच सोसला नाही. दसऱ्यानंतर एके दिवशी म्हणाल्या, आता बोलून बघू. सगळी वाडी धक्क्यावर जमली. सरपंच नारळ घेऊन आले. गाद्यांचा थवा नेहमीप्रमाणे माझ्या बोटीच्या आसपास होता. पुढे थोरली. ती सगळ्यांत म्हातारी मादी, पाठीवरचा पंख अर्धा तुटलेला. तिनेच पहिलं तोंड उघडलं. लोकांना वाटलं, आता काही ज्ञानाचं ऐकायला मिळणार. पेटी बातम्या देणाऱ्या बाईच्या आवाजात बोलली, "बोट घाण." पेटी परत म्हणाली, "बोट पाण्यात घाण करते." सरपंचांनी हळूच विचारलं, नारळ आता फोडायचा की नाही?

माझ्या इंजिनाचं तेल गळत होतं, हे खरं. पण भर लोकांत... मी म्हटलं, "माझ्या बोटीला नावं ठेवणारा अजून जन्माला यायचाय." महादेव म्हणाला, "जन्मलाय तात्या. पान्यात हाय." लोक पोट धरून हसले. मी बाईंशी पुष्कळ दिवस बोललो नाही. इंजिन दुरुस्त केलं, पण ते बोटीसाठी केलं, गाद्याने सांगितलं म्हणून नव्हे. आणि लोकांची आणखी एक तक्रार होती, की आमच्या समुद्रातले गादे पुण्यासारखं कसे बोलतात? बाईंना ते पटलं. त्यांनी सुमनला जवळ बसवून तिच्याकडून शब्द म्हणून घेतले, आमच्याकडचे, आमच्या हेलात, आणि ते पेटीत घातले. तेव्हापासून थोरली सुमनच्या आवाजात बोलायला लागली. मी म्हणायचो, घरात एक होती ती कमी होती, आता समुद्रावर गेलो तरी सुटका नाही.

आता असं, की गादे काही आमच्यावर उपकार करायला आले नाहीत. मासळीचा थवा त्यांनी बाहेरून ढकलला आणि आतून आमचं जाळं आलं की मासा मधे कोंडतो, त्यांनाही सोपा सापडतो. हे त्यांचं त्यांनाच सुचलं. एका सकाळी आम्ही जाळं सोडलं आणि गादे बाहेरच्या अंगाला रांग धरून उभे राहिले, एक थोडा पुढे, एक थोडा मागे, मोजून मापून अंतर ठेवावं तसे. दोर ओढताना हाताला कळलं की आज काही वेगळं आहे. कित्येक वर्षांत तेवढी तारली मासळी आमच्या वाळूवर पडली नव्हती. लोक वाटे मांडायला लागले, तेव्हा मी म्हटलं, एक वाटा गाद्यांचा काढा. महादेव म्हणाला, "तात्या, रेशनकार्ड पन काढूया काय त्यांचा?" मी म्हटलं, "दोराला हात लागला त्याला वाटा." "त्यांना हात कुठं हायत?" "तुला हायत ना, मग तू टोपली उचल." होडीतून नेऊन मी स्वतः टोपली पाण्यात ओतली. बाई शेजारी बसल्या होत्या. म्हणाल्या, "तात्या, ते मेलेला मासा खात नाहीत." खरंच, कुणी तोंड लावलं नाही. मासे तरंगत राहिले, वरून घारी आल्या. थोरलीने पेटीतून विचारलं, "मेलेले का?" मी म्हटलं, "सांगा तिला. खावो न खावो, वाटा वाटा असतो. या बाईसुद्धा खात नाहीत."

बाईंनी ते कसं सांगितलं कोण जाणे, पण दोन-चार वेळा तसं झाल्यावर थोरली वाट्याला यायला लागली. टोपली रिकामी झाली की होडीच्या काठाला हनुवटी टेकायची, क्षणभर तशीच राहायची आणि मग थवा घेऊन जायची. खायची काही नाही. बाई म्हणाल्या, तिला वाट्याचा अर्थ कळलाय, काम झालं आणि सगळे आहोत असा. मला तेव्हा फार अभिमान वाटला. एक दिवस ती अशीच टेकून असताना मी म्हणालो, "बाई, तिला सांगा. आमच्या दोराला लागलात, आता तुम्ही आमच्यातले. आमची हाक आली की या. या दोरात तुमच्यातल्या कुणाला काही होणार नाही." बाईंनी पेटीचं बटण दाबलं नाही. "तात्या, शेवटचं वाक्य नको."

"का नको?"

"माणूस म्हणतो, बघू, करू, जमलं तर. त्यांच्यात तसं नाही. सांगितलं म्हणजे ते तसं आहेच. खोटं बोलायचं कसं, हेच त्यांना माहीत नाही. इतकी वर्षं मी शोधतेय, त्यांच्यात खोट्याला शब्द नाही मला सापडला."

"मग बरंच आहे," मी म्हटलं. "माझ्याकडेही नाही. मी तांडेल आहे, माझ्या दोराचं मी बघतो. सांगा."

त्यांनी सांगितलं. आणि तो शब्द मी पाळला, हे सगळी वाडी सांगेल. एकदा थोरलीचं पिल्लू ओढीत आत सापडलं. जाळं किनाऱ्याला लागत आलेलं, मासळी पांढरी उसळतेय, आणि मी दोर सोडायला लावला. सगळी मासळी गेली. लोकांनी मला तोंडावर शिव्या दिल्या. मी म्हटलं, द्या, पण दोर सोडा.

हाक म्हणजे बाईंनी पेटीत बसवलेली एक शिट्टी होती आणि तिच्यामागे होडीची फळी ठोकल्याचा माझा आवाज. ती लागली की गादे कुठे असतील तिथून यायचे. हे बघायला लोक येऊ लागले. गाड्या लावायला जागा नाही एवढे. सगळ्यांच्या हातात मोबाईल. थोरली काठाला टेकते, मी टोपली ओततो, हाक लागते, गादे येतात... हे सगळं मोबाईलवरून कुठे कुठे गेलं. आम्हालाही बरं वाटायचं. मुंबईहून पोरं फोन करून सांगायची, तात्या, तुमाला बघितला. ती हाक त्यात होती, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. बाईंच्याही नाही.

या वर्षी थंडीत लांब समुद्रात दिव्यांच्या बोटी दिसायला लागल्या. बाहेरच्या, कुठल्या ते आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. दिवे पाण्यात सोडून, गोल जाळं टाकून सगळा समुद्र उपसणाऱ्या. त्या बोटींनी आमची हाक वाजवली. मोबाईलवरची. गादे गेले, त्यांनी मासळी कोंडून दिली आणि गोल जाळं त्यांच्यासकट आवळलं गेलं. जाळ्यात अडकलेला गादा बुडून मरतो. वर यायला मिळत नाही. सकाळी तीन गादे आमच्या वाळूवर लागले होते. त्यांतलं एक थोरलीचं पिल्लू, तेच. अंगाला नायलॉन गुंडाळलेलं, इतकं घट्ट की कातडीत शिरलं होतं. बाई त्याच्याजवळ गुडघ्यावर बसल्या, माझी सुरी मागितली आणि एक एक धागा कापायला लागल्या. मी म्हटलं, "बाई, मेलंय ते." "माहितीय," त्या म्हणाल्या, आणि कापत राहिल्या. सुरी घसरून डाव्या तळव्यात गेली. रुमाल गुंडाळला आणि उरलेलं कापलं. मग आम्ही वर, सुरूच्या झाडांकडे, खड्डा करून तिघांना पुरलं.

तोवर थोरली धक्क्याशी आली होती. बाईंनी पेटी पाण्यात सोडली. थोरलीने विचारलं, "दोर तुमचा?" बाई म्हणाल्या, "नाही." "हाक तुमची." हाक आमची आणि दोर दुसऱ्याचा, हे वाक्य गाद्यांच्यात होतच नाही. मी म्हटलं, सांगा की हाक चोरली. बाई म्हणाल्या, "चोरीला शब्द कुठून आणू?" थोरली बराच वेळ तिथे होती. मग म्हणाली, "पिल्लू वर येत नाही." आणि गेली. मला वाटलं, आता येणार नाहीत. तर दुसऱ्या दिवशी आमची हाक लागली आणि सगळे आले. रांग धरून उभे राहिले. नेहमीसारखे.

बाईंनी त्याच संध्याकाळी रापणकरांना खोपीत बोलावलं. उजव्या हातात चहा, डावा हात फडक्यात. म्हणाल्या, हे थांबवायला पाहिजे. त्या बोटी परत येतील, हाक वाजवतील आणि हे परत जातील. हाकेला यायचं नाही, कुणाच्याच, असं त्यांना शिकवायला हवं. महादेव म्हणाला, "बाई, म्हंजे आमच्या पन?" "तुमच्या पण." लोक उठायला लागले. महादेवाचं चुकलं असं मी म्हणत नाही. त्याला दोन मुली. रापणीवर अर्ध्या वाडीच्या चुली, आणि गादे नसले तर आमच्या जाळ्यात आजकाल जेलीफिशशिवाय काय येतं? तो म्हणाला, "मग रापण इकतो आनि लोट्याला खोली घेऊन कंपनीत लागतो. तसा सांगा." बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "दिलेला शब्द मी परत घेत नाही. हाक बदला." बाई म्हणाल्या, "तात्या, तुमचा शब्दच मारतोय त्यांना." अख्ख्या रापणीसमोर मला असं कुणी बोललं नव्हतं. मी उठून घरी गेलो.

पण हाक बदलली. बाईंनी नवी केली, मोबाईल घेऊन येणाऱ्यांना आम्ही काठीने हाकलायला लागलो, पोलिसात कागद दिला. झालं काय, तर गादे नव्या हाकेलाही यायचे आणि जुनीलाही. जुनी खोटी झाली, हे त्यांना कळायचंच नाही. बाई रोज होडीत बसून सांगायच्या. येऊ नका. वाईट. दूर जा. सगळे शब्द फिरवून फिरवून. थोरली ऐकायची आणि विचारायची, "दोर कधी?" सुमन रोज हळद लावायची त्या हाताला आणि ओरडायची, "बाय, डाक्तरकडे जा, तुला साखर हाय." बाई म्हणायच्या, उद्या. त्यांना साखर होती हे आम्हाला तोवर ठाऊकसुद्धा नव्हतं, सुमनलाच ते कसं तरी कळलेलं. एका दुपारी होडीतून उतरल्या त्या वाळूतच बसल्या. अंग भट्टीसारखं, हात कोपरापर्यंत काळा-निळा. महादेवाने टेम्पो काढला. ज्याच्याशी भांडण झालं होतं तोच उचलून घेऊन गेला.

रत्नागिरीच्या इस्पितळात मी त्यांना भेटलो ती शेवटची भेट. डॉक्टर हात कापायचं म्हणत होते आणि तेवढ्याने भागेल असंही सांगत नव्हते. बाईंचे भाऊ मिरजेहून आले होते, दारात उभे होते. बाईंनी मला बघितलं आणि म्हणाल्या, "तात्या, या सलाईनमध्ये तुम्ही माशाचं तेल घातलं नाही ना?" मी म्हटलं, "घातलं असतं तर हात सुधारला असता." थोडं हसल्या. मग डोळे मिटले, मला वाटलं झोपल्या. पण बोलल्या, "शब्दाने होत नाही, तात्या. मी सगळे शब्द करून बघितले. दुसरं काहीतरी करायला हवं... ते मला जमलं नाही. मी तुमच्या दोराला लागलेली खरी, पण शब्द तुम्ही दिला होता. तुम्हीच करा." मी म्हटलं, "बऱ्या व्हा आणि तुम्हीच काय ते करा." याहून चांगलं मला सुचलं नाही. त्या म्हणाल्या, "होय की." ते त्यांचं मिरजेचं होय की... सहा वर्षांत गेलं नाही. तो बुधवार. शुक्रवारी पहाटे गेल्या.

रत्नागिरीतच दहन झालं. त्यांचे भाऊ रडत नव्हते, सारखे चष्मा पुसत होते. मला म्हणाले, "ताई घरी तुमच्याबद्दल फार सांगायची. तिला पोहता येत नव्हतं हो. आम्ही किती सांगायचो, समुद्रावर जाऊ नकोस." मी म्हटलं, होडी माझी होती, तुम्ही काळजी करायचं कारण नव्हतं. मग लक्षात आलं की हे आता बोलून काय उपयोग. संध्याकाळी परत आलो तर पडवीतल्या त्यांच्या खोलीत सुमन बसली होती. दोरीवर त्यांचा पंचा वाळत होता. तो तिने काढला नव्हता. ज्वारीच्या पिठाचा डबा उघडून बघत होती. "अर्धा हाय," म्हणाली. "आता ह्याच्या भाकऱ्या खानार कोन?" मी म्हटलं, आपण खाऊ. ती म्हणाली, "तुमाला ज्वारी गोड लागत नाय." मी म्हटलं, लागेल.

जेवणाआधी महादेव आणि आणखी दोघे आले. अंगणात उभे राहिले. पायरीवर बसा म्हटलं तरी बसले नाहीत. महादेव म्हणाला, "तात्या, आज बोलू नये, पन बोलतो. पेटी आपल्याकडं राह्यली. हाक आता तुमीच लावा. तुमचाच आवाज हाय तिच्यात. पावसापर्यंतचा सीझन हाय, तो तरी जाऊ दे. पुढचा पुढं बघू." मी विचारलं, "आणि दिवेवाले?" तो म्हणाला, "ते काय रोज येत नायत." मी म्हटलं, "ज्या दिवशी येतील त्या दिवशी?" महादेव जाताना एवढंच म्हणाला, "बाईंना मी उचलून नेला, तात्या. त्यांचा वजन कायच नवता." मग तो वळला आणि गेला.

दुसऱ्या दिवशी उजाडताना मी एकटाच होडी घेऊन गेलो. पेटी बरोबर घेतली, दोन्ही वायरी पाण्यात सोडल्या, पण हाक लावली नाही. लावायची गरज पडली नाही. वल्ह्याचा आवाज ऐकूनच थोरली आली, मागे सगळा थवा. पाणी शांत होतं. पेटी बोलली, "बाई?" मी बटण दाबून म्हटलं, "बाई मेली." पेटीतून आलं, "वर येत नाही?" "नाही येत." गादे होडीभोवती एकदा फिरले, अगदी जवळून. मग मी सांगायला लागलो. आता हाक आली तरी यायचं नाही. कुणाच्याही. माझ्यासुद्धा. थोरली म्हणाली, "हाक आली की येतो." मी म्हटलं, तो शब्द गेला. मी दिला होता, मीच मोडला. माणूस खोटा. पेटी त्या शब्दाला अडली, तिच्यातून काहीच निघालं नाही. मी परत म्हटलं, परत अडली. मग थोरली पुढे आली आणि वाट्याच्या दिवशी टेकायची तशी होडीच्या काठाला हनुवटी टेकून थांबली. मी वल्हं दोन्ही हातांनी उचललं आणि तिच्या पाठीवर मारलं. ती बाजूला झाली नाही. तिला वाटलं असावं की मी तोल जाऊन पडलो. पेटी म्हणाली, "लागलं काय तुला?" मग मी दुसरा फटका मारला, चुकून लागला असं तिला वाटू नये म्हणून तिच्या डोळ्यात बघत.